डोकं दुसऱ्यानं निवडायचं

माझे दीर काय करतात असं कोणी विचारलं, की मी "प्लास्टिकचं काम" एवढंच सांगते आणि विषय बदलते. खरं सांगितलं तर समोरचा माणूस आधी हसतो आणि मग "माझं करून मिळेल का?" म्हणून मागे लागतो. भाऊजी ठोकळ्यांचे बाहुले बनवतात, बोटाएवढे. तुम्ही दुकानात जायचं, तुमच्यासारखं डोकं, तुमच्यासारखे केस, तुमचा शर्ट, हातात पिशवी असते की कुत्र्याची दोरी, सगळं ट्रेमधून शोधून एकमेकांत खटाखट बसवायचं, की झालात तुम्ही तयार. गल्लीत त्यांना डोकेवाला म्हणतात. सख्खा दीर आहे म्हणून सांगत नाही, पण या माणसाचं स्वतःचं डोकं काही ठिकाणावर नाही.

आधी ते चष्म्याच्या दुकानात होते. तिथे गिऱ्हाईक आरशात बघून विचारायचं, कसा दिसतो? आणि हे खरं सांगायचे. एका बाईंना म्हणाले, फ्रेम छान आहे, फक्त ती दुसऱ्या कोणाच्या तरी नाकावर हवी होती. मालकानं हात जोडले आणि भाऊजी घरी आले. मग इस्त्रीवाल्याच्या शेजारी, आमच्याच जिन्याखालची जागा मिळाली आणि तिथे हे दुकान थाटलं.

सुरुवातीला लोक स्वतःचं डोकं स्वतःच निवडायचे. जो येईल तो हसरा चेहरा आणि भरघोस केस उचलायचा. बाहुले एका रांगेत ठेवले तर सगळी सख्खी भावंडं. घरी नेल्यावर बायकापोरं विचारायची, हा कोण? शेवटी भाऊजींनी भिंतीवर पाटी लावली: स्वतःचं डोकं स्वतः निवडायचं नाही, सोबत आलेल्या माणसानं निवडायचं. बदलून हवं असेल तर तेही घरच्या दुसऱ्या माणसानंच बदलायचं. तेव्हापासून त्या दुकानात जी भांडणं होतात ती ऐकायला लोक इस्त्रीचे कपडे मुद्दाम थोडे थोडे आणतात. इस्त्रीवाल्याला त्याच्या बायकोनं अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचं डोकं दिलं. त्यानं तिच्या बाहुलीच्या हातात कर्णा दिला. दोन दिवस अबोला होता, पण बाहुले काही कोणी परत केले नाहीत.

माझं डोकं आमच्या ह्यांनी निवडलं. तोंड वासून ओरडणारं. मी ह्यांना म्हटलं, मी कधी ओरडते? ते अशा आवाजात म्हटलं की इस्त्रीवाला डोकावून गेला. केलेल्या प्रत्येक बाहुल्यासारखा दुसरा भाऊजी काचेच्या कपाटात ठेवतात, त्यामुळे तिथे अख्खी गल्ली उभी आहे आणि त्यात मी सगळ्यांत पुढे, आ करून. बदलायचं तर घरचं माणूस हवं. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, वहिनी, तंतोतंत आहे. म्हणजे घरात आणखी एक माणूस आल्याशिवाय माझं तोंड काही मिटणार नव्हतं.

म्हणून मी त्यांच्या लग्नाच्या मागे लागले, असं आमचे हे म्हणतात. साफ खोटं. अहो, चाळिशी उलटली माणसाची. ओट्याशी उभ्या उभ्या जेवतात, उगाच दुसऱ्याला वाढायला कशाला उठवायचं म्हणून. आणि त्या कपाटात सगळी गल्ली आहे, पण भाऊजी स्वतः नाहीत. नियम नियम असतो म्हणे, आणि माझं डोकं निवडायला कोण येणार? आमचे हे तयार होते, पण दादा चेष्टा करेल म्हणून भाऊजी नको म्हणाले; मी निवडते म्हटलं, तर वहिनी, तुम्ही उगाच गोड डोकं द्याल, म्हणाले. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

अडचण एकच होती, टक्कल. ऐन पंचविशीत केस गेले, तेव्हापासून टोपी. घरात टोपी, दुकानात टोपी, फोटोतही टोपी. आधीच्या स्थळांनी टोपीखालचं बघितलं आणि "कळवतो" म्हणाली. कळवतात कसले डोंबल. तेव्हा एक गाडी शिकवणारी बाई माझ्या मैत्रिणीनं सुचवली, तशी मी टोपीतला फोटो पाठवला आणि भाऊजींना बजावलं की ती दुकानात येईल, गिऱ्हाईक म्हणून, आणि काही झालं तरी टोपी हलता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी स्वतः फडकं घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले.

बाई आली. साध्या चपला, हातात किल्ल्या. मला माझा बाहुला करून हवाय, म्हणाली. भाऊजींनी विचारलं, सोबत कोण आहे? कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि कोणाला तरी घेऊन या असं सांगितलं. मी कपाळावर हात मारला. दैव देतं आणि कर्म नेतं ते असं.

मी धावत पुढे झाले आणि म्हटलं, मी निवडते. वहिनी, तुम्ही त्यांना ओळखत नाही, असं म्हणाले हे महाशय. बाई म्हणाली, होतेय की आता ओळख. मी ट्रेमधलं सगळ्यांत गोड डोकं काढलं. तिनं ते बोटांत फिरवलं, तर मागे दात-ओठ खाणारा चेहरा. या डोक्यांना पुढे एक आणि मागे एक असे दोन चेहरे असतात. केस बसवले की मागचा झाकला जातो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र खूश. कोणी सिग्नल तोडला की मी अश्शीच दिसते, म्हणाली.

मग तिनं कपाट नीट बघितलं आणि तुमचा कुठेय, असं विचारलं. भाऊजींनी खालमानेनं सांगितलं की डोकं निवडायला कोणी नाही. तिनं ट्रे स्वतःकडे ओढला.

"टोपी काढा," ती म्हणाली.

मी मध्ये पडले. गारठा आहे, त्यांना सर्दी होते, असं काहीतरी बरळले. बाहेर ऊन रणरणत होतं. केस निवडायचे तर बघायला नको का, ती म्हणाली, आणि तिचंही बरोबरच होतं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हलवून नाही म्हणत होते. पण पाटी लागल्यापासून त्या दुकानात त्यांनी कधी कोणाला चुकीचे केस लावले नव्हते. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. कपाळावर टोपीचा वळ, वर सगळं लख्ख. मी फरशीकडे बघत बसले.

ती डोक्यांमध्ये बराच वेळ बोटं घालून शोधत होती. शेवटी एक काढलं. पुढे जेमतेम हसणारा चेहरा, मागे घाबरलेला. ते तिनं धडावर बसवलं आणि केसांच्या ट्रेला हातही लावला नाही. तसा भाऊजींमधला कारागीर जागा झाला.

"टकलाला दोन चेहऱ्यांचं डोकं चालत नाही," ते म्हणाले. "केस नसले की मागचा उघडा पडतो."

"पडू दे," ती म्हणाली. "मला पुढचंही दिसायला हवं आणि मागचंही. त्याशिवाय मी गाडी हलवत नाही."

भाऊजी लाजले. माणूस पार टाळूपर्यंत लाल होतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं टोपीखाली काय काय होत असेल कोण जाणे. जाताना ऊन फार आहे म्हणून ती भाऊजींची टोपी डोक्यावर घालून गेली. परत केली ती लग्नानंतरच, म्हणजे तसं बघितलं तर केलीच नाही.

आता भाऊजी टेबलाशी बसून जेवतात आणि वाढून घेताना "अजून थोडं" असंही म्हणतात. कपाटात ते आमच्या ह्यांच्या शेजारी उभे आहेत, उघड्या डोक्यानं. मागून बघितलं तर घाबरलेले, पण हल्ली कोणी मागून बघत नाही.

मी योग्य वेळ साधून जावेला म्हटलं, आता तू घरची झालीस, माझं डोकं बदल. तिनं ट्रे घेतला, माझ्याकडे निरखून बघितलं. मी शक्य तेवढी गोड हसले. तिनं माझ्या बाहुलीचे केस काढले, डोकं उलटसुलट केलं आणि तेच परत बसवलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. इस्त्रीवाला अर्धी इस्त्री टाकून आला.

"ताई, मागचा चेहरा बघितलात का कधी?" तिनं शांतपणे विचारलं.

नव्हता बघितला. ती आ केलेलीच बाई इतकी डोळ्यांत खुपत होती की केस काढून मागे बघायचं सुचलंच नाही. तिनं दाखवला, तर मागे तीच बाई, तोंड मिटलेलं, गालातल्या गालात हसतेय. हसू असं की कोणाचं तरी छान झालंय आणि तिला ते कोणाला कळू द्यायचं नाहीये.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, डोकं निवडताना मागची बाजू बघितली होती का हो? पेपर खाली न करता म्हणाले, "मागचीच बघून निवडलं होतं."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, म्हणून मी जी ओरडले, ती खाली दुकानापर्यंत ऐकू गेली म्हणे.