पोरीच्या मागची बाई

स्टुडिओत तिला सगळे केसवालीच म्हणत. ओळखपत्राचा फोटो असो की कपड्यांच्या जाहिरातीतली पोरगी, माणूस मागच्या भिंतीपासून सोडवायचा तो हिनंच. चेहरा-खांदे काय, कुणीही कापून देतं हो. खरी गोची केसांची. फोटो मोठा करून ती एकेक बट सोडवायची, केसांच्या कडेला चिकटलेला भिंतीचा रंगसुद्धा पुसायची. मालक गिऱ्हाइकांपुढे तिचं तोंडभर कौतुक करायचा. पगारवाढीचं नाव काढलं की मात्र त्या मेल्याला नेमका फोन यायचा!

तिला त्याचंही काही नव्हतं. जीव अडकला होता तो लेकीत. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानं हिला नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर काढलं. फोनही हिसकावून घेतला, म्हणजे पोरीचा एक फोटोसुद्धा जवळ उरला नाही. लेक तेव्हा तीन वर्षांची होती. किती वेळा ही दारात जाऊन उभी राहिली! दर वेळी सासूबाईंनी तोंडावर दार लावलं.

आणि एका सकाळी त्याच सासूबाई स्टुडिओत आल्या. सरळ हिच्या टेबलाशी येऊन त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला.

"यातून तुला काढायचंय."

फोटोत पोर खुर्चीवर बसलेली, शेजारी बाप. मागून ही वाकलेली, पोरीच्या गालाला गाल लावून. पोरीचे कुरळे केस हिच्या केसांत पार मिसळून गेलेले.

"दोन ठिकाणी करून बघितलं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं डोकं कुरतडल्यासारखं दिसतं. नवी सून यायच्या आत हॉलमध्ये लावायचाय."

"मला नाही जमायचं."

"जमव. रविवारी बागेत आणते तिला. आणि मग दर महिन्याला. पण मूळ फोटो माझ्यासमोर पुसायचा."

झालं! बाईनं नेमकी दुखरी नस धरली होती. ही कामाला लागली.

तीन दिवस लागले. काळ्यावर काळे केस, कुणाचे कुठले कसे कळणार? पण पोरीची वेणी हिनंच घातलेली, कपाळावरची बट कुठं वळते ते हिला पाठ. लेकीचा एकेक केस ठेवायचा, स्वतःचा एकेक पुसायचा. वेडीनं थोडं वाईट काम करायचं होतं! एखादी कड राहू द्यायची होती. पण हाताची सवय तशी सुटते थोडीच? तिनं कान पुसला, गाल पुसला, मागची भिंत सारखी केली. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो बारकाईनं बघितला, अगदी मनापासून "छान" म्हणाल्या. मग हिनं मूळ फोटो पुसला. साक्षात पोरगी भेटणार, आता फोटो कशाला, असं तिला वाटलं.

रविवारी सासूबाई खरंच आल्या. सहा वर्षांची पोर बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसली. ही तिच्या शेजारी टेकली. डोळे भरून आले.

"मी आई गं तुझी."

"नाही काकू," पोर समजावल्यासारखं म्हणाली. "आमच्या हॉलमध्ये मी लहान असतानाचा फोटो आहे. मी आहे आणि बाबा आहेत. तुम्ही नाही."

"होते गं राणी! तुझ्या मागेच उभी होते. मीच पुसलं मला."

पोर खुदकन हसली. "असं कुठं असतं? मागे भिंत आहे. मी रोज बघते ना."

हिनं सासूबाईंकडे बघितलं. "सांगा ना हो तिला. एकदाच सांगा. पाया पडते तुमच्या."

सासूबाईंनी पदर नीट केला. "पुढच्या महिन्यात यायचं का गं बाळा, काकूंना भेटायला?"

पोर बाकावरून उतरून आजीला बिलगली. "नको. त्या खोटं बोलतात."

"ऐकलंस ना?" सासूबाई उठत म्हणाल्या. "मी तर आणणार होते."