काल अंगठा, आज सही

कंपनीच्या मॅडमनं माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. दोनदा दाबला. पहिल्यांदा फोटोत निळा दिसला नाही म्हणून.

मी म्हणलं, "मॅडम, मला सही येती."

"हो का? छानच की! मग सहीचा फोटो नंतर काढू. आधी अंगठ्याचा. चष्मा काढा आजी. पदर घ्या डोक्यावर. आणि हसू नका."

हसू कुठून येणार होतं, बाई?

फोटो झाला. शाई पुसली. मग म्हणाली, "आता चष्मा लावा. पेन धरा. आता हसा." मी सही केली. दोन फोटोंच्या मधे दहा मिनिटंसुद्धा गेली नसतील.

हे झालं गारखेड्यात, आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात. कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवणारी एक कंपनी वस्तीचं भलं करायला आली होती. बायांना साक्षर करणार, पोरींना कॉम्प्युटर शिकवणार. चार कॉम्प्युटर मांडले होते. पोरी दारात एकमेकींच्या खांद्यावरून बघत होत्या, माझी नातही त्यांच्यात. मी नाही म्हणले आणि कॉम्प्युटर परत गेले तर? म्हणून गप बसले. अंगठा दिला.

आता तुम्ही म्हणाल, अंगठ्याचं एवढं काय घेऊन बसलीस? तर सांगते.

पोलिस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी माझा जन्म. निजामाचं राज्य गेलं, पण आमच्या पालावर शाळा काही आली नाही. सोयगावकडं आमची मेंढरं चरायची. एक दिवस त्या रानाचा कागद झाला. माझ्या बापाला चावडीत बोलावलं. गावच्या मोठ्या माणसानं त्याचा अंगठा असाच धरला, असाच दाबला. मी बापाच्या धोतराला धरून उभी होते.

बाप म्हणला, "मालक, काय लिव्हलंय तेवढं वाचून दावा."

मालक हसला. "वाचून तुला काय कळणार हाय रं?"

दुसऱ्या दिवशी रानाला काटेरी कुंपण. मेंढरं बाहेर, आम्ही बाहेर. बाप चुलीतली राख घेऊन अंगठा घासत बसायचा. शाई गेली तरी घासायचा.

लग्न होऊन मी शहरात आले. वाळूजला एका कारखान्यात झाडलोटीचं काम धरलं. शिफ्ट सुटली की गाड्यांची रांग लागायची. एकदा भलत्याच गाडीत बसले आणि पार दुसऱ्या टोकाला उतरले. ड्रायव्हर सगळ्यांदेखत म्हणला, "पाटी वाचता येत नाही काय?" लई लागलं ते. तिथून पुढं मी गाडीची पाटी डोळ्यात भरून घ्यायची आणि कामावर गेले की झाडूच्या काडीनं धुळीत काढायची. ग. गा. गारखेडा. सुपरवायझर ओरडायचा, "रांगोळी काढायला ठेवलंय का तुला?" मी झाडून टाकायची, पुन्हा काढायची. मास्तर नाही, शाळा नाही. चाळिशी गाठली तेव्हा स्वतःचं नाव लिहिलं.

काम सुटल्यावर त्याच समाजमंदिरात मी बायांना शिकवायला बसले. धुणीभांडी उरकून दुपारी यायच्या. सात वर्षं झाली. वस्तीत मला 'बाई' म्हणतात. हे एवढंच मी कमावलेलं.

फोटो काढल्यापासून पंधरा दिवसांत कॉम्प्युटर दोनदाच चालू झाले, तेसुद्धा पाहुणे आले तेव्हा. बाकी वेळ खोलीला कुलूप, किल्ली मॅडमकडं. मग एक दिवस वस्तीच्या तोंडाला भला मोठा फ्लेक्स लागला. डावीकडं मी, निळा अंगठा, उतरलेलं तोंड. उजवीकडं मी, चष्मा, पेन, हसरी. वर लिहिलेलं, 'काल अंगठा, आज सही'. खाली कंपनीचं नाव.

फ्लेक्सखाली रुकय्या उभी होती. माझ्याकडं दोन वर्षं शिकलेली. म्हणली, "क्या बाई ये? तुम अंगूठा लगाते थे? तुमीच तो मेरेकू सही सिखाए!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं, "आपल्या बाई कालच पास झाल्या गं!"

मी घरी आले. गॅसच्या घरात राख कुठली? अंगारा घेतला देवापुढचा. अंगठा घासला. शाई कधीच गेली होती. तरी घासला.

तेव्हा कळलं, बाप काय घासत होता.

पुढं कंपनीचे मोठे साहेब यायचे ठरले. मंडप, खुर्च्या, गुच्छ. मॅडम म्हणाल्या, "आजी, दोन शब्द बोला. मी मागून हळूच सांगते, तसंच म्हणायचं." हातात कागद होता त्यांच्या.

"द्या इकडं. मी वाचते."

"अक्षर बारीक आहे हो आजी."

"चष्मा हाय की."

साहेबांसमोर मॅडमना नाही म्हणता येईना. कागद दिला. मी माईकपुढं उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचलं.

"मी अडाणी होते. माझे आयुष्य अंधारात गेले. कंपनीने मला अक्षर दिले. इथे आजींनी थांबावे. डोळ्यांना पदर लावावा. टाळ्या."

सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही.

मागून रुकय्याचा आवाज, "तालियाँ लिखे ना उसमें? बजाओ ना फिर!" आणि बाया अशा हसल्या की खुर्च्या हलल्या.

मी हसले नाही. म्हणलं, "साहेब, अक्षर मला कुणी दिलं नाही. मी ते झाडूच्या काडीनं घेतलं. ह्या बाया माझ्याकडं शिकल्या. बाहेरचा फ्लेक्स खोटा आहे, तो उतरवा. अंगठा मी दिला ही माझी चूक. आज तो परत घेते."

साहेब मॅडमकडं बघून म्हणाले, "आजी किती गोड बोलतात!"

"गोड नाही साहेब. खरं बोलले."

चार दिवसांनी कॉम्प्युटर दुरुस्तीला म्हणून नेले. आलेच नाहीत. शेजारीण दारात येऊन भांडली, "तुमच्या एका अंगठ्यापायी आमच्या पोरींचं वाटोळं केलं!" तिची पोर खरंच हुशार आहे. माझी नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते अजून टोचतं. खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी नातीला पुढ्यात बसवलं आणि अर्ज लिहिला. कॉम्प्युटर द्या. ते रोज चालू ठेवा. खोलीची किल्ली वस्तीकडं राहील. आम्हाला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. खाली बायांनी सह्या केल्या. भांडलेल्या शेजारणीनंसुद्धा केली, तोंड फुगवून. उत्तर आलं नाही. दर महिन्याला आम्ही तोच अर्ज पुन्हा लिहितो, नव्या सह्या घेऊन.

फ्लेक्स मी उतरवून घेतला, पण फाडला नाही. समाजमंदिरात अंथरलाय. बाया त्याच्यावर बसून गिरवतात. निळ्या अंगठ्यावर मी बसते.

नवीन बाई आली की पहिल्या दिवशी सवयीनं अंगठाच पुढं करते. मी तो मुडपते आणि हातात खडू देते. इथून पुढं माझा अंगठा कुणाच्या हातात जाणार नाही. माझ्या वर्गातल्या एकीचाही नाही. नातीला सांगून ठेवलंय, मी मेल्यावरसुद्धा कुणी माझा अंगठा धरायला आलं, तर त्याचा हात तिथंच धर.

आणि म्हण, आधी कागद वाचून दाखव.