सब्जाच्या तुऱ्यांचे व्हिनेगर

वडील अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद करायला सांगितले. लोणचे, पापड, सुकी मासळी घरातून गेली. वडील अर्ध्या भाकरीवर उठू लागले. शर्ट त्यांच्या खांद्यांवरून उतरायला लागले. आईला दोन्हीकडून भीती होती. मीठ दिले तर दाब वाढणार, न दिले तर माणूस खाणार नाही.

"तुरुंगात यापेक्षा बरं देत असतील," मटकीच्या उसळीकडे पाहून ते म्हणत.

"तिथं आपलं ताट आपल्यालाच घासावं लागतं," आई म्हणे.

बदलापूरला येण्याआधी आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहत होतो. तिथल्या शेजारच्या सिंधी बाईंकडे आईचे जाणे-येणे टिकून होते. आई त्यांना भाभी म्हणे. त्यांच्या जेवणात सिरक्यातला, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा रोज असे. सिरक्यात वासाच्या झाडाची फुले घालून बघ, असे त्यांनीच सुचवले. "खट्टा हो, खुशबू हो, तो नमक की याद नहीं आती," त्या म्हणाल्या.

बदलापूरच्या घराच्या कुंपणालगत सब्जा माजला होता. याचेच बी फालुद्यात घालतात. पाऊस ओसरताना त्याला जांभळे तुरे आले. आईने ते ऊन चढण्याआधी खुडले, धुतले आणि जुन्या पातळावर सावलीत पसरले. चायनीज भातासाठी आणलेले पांढरे व्हिनेगर घरात होते, ते पुरले नाही. आणखी आणावे लागले. पत्र्याचे झाकण व्हिनेगरने गंजते, म्हणून बरणीच्या तोंडावर आधी प्लास्टिक बांधले. बरणी कपाटात अंधारात ठेवली. पंधरवड्याने तुरे पांढुरके पडले होते आणि व्हिनेगर गुलाबी झाले होते. वास थोडा लवंगेसारखा, थोडा बडीशेपेसारखा.

ते गाळून काकडीवर, कांद्यावर, उसळीवर पडू लागले. वडिलांनी पहिल्याच दिवशी उसळ दुसऱ्यांदा मागून घेतली. काही दिवसांत ते पूर्वीसारखे जेवू लागले.

पुढच्या तपासणीत दाब कमी नव्हता, उलट वाढला होता. बाहेर काय खाता, असे डॉक्टरांनी विचारले. वडिलांनी काही नाही म्हणून सांगितले. घरी आल्यावर आईने तेच पुन्हा विचारले.

"बाहेर वडापाव खाल्लात का?"

"तुझ्या गळ्याशप्पथ."

"माझा गळा कशाला? तुमचा घ्या."

भाभी त्याच आठवड्यात बदलापूरला आल्या. आईने बरणी पुढे ठेवली आणि कृती सांगायला घेतली. तुरे खुडले, धुतले, मीठ चोळून रात्रभर ठेवले, सुटलेल्या पाण्यासकट बरणीत घातले.

भाभींनी तिला थांबवले. "नमक? किसलिए?"

कैरी असो, लिंबू असो, आमच्या घरात बरणीत जाणाऱ्या वस्तूला आधी मीठ लागे. आईचा हात सवयीने मिठाकडे गेला होता. टिकायला मीठ हवे, एवढेच तिच्या डोक्यात होते.

"अरी, सिरका खुद टिकाता है," भाभी म्हणाल्या.

"तरीच म्हटलं, चव कुठून येतेय," वडील आतून म्हणाले.

आईने बरणी मोरीत ओतली. थोडे ठेव, असे वडील म्हणाले. तिने ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले तुरे खुडून नुसत्या व्हिनेगरमध्ये घातले. ते तयार होईपर्यंतचे दिवस कठीण गेले. वडील ताटावर बसत, दोन घास खात आणि पाणी पीत.

नवे व्हिनेगर रंगाने पहिल्यासारखेच होते. आईने ते उसळीवर घातले आणि समोर बसून राहिली. वडिलांनी पहिला घास बराच वेळ चावला.

"फिकं आहे."

"असू दे."

"वास मात्र तोच आहे," ते म्हणाले आणि बाटली स्वतःकडे ओढून उसळीवर आणखी धार धरली. भाकरी पूर्ण खाल्ली.

पुढच्या तपासणीत दाब उतरला होता. ते श्रेय कशाचे, हे सांगता येत नाही, कारण डॉक्टरांनी मधल्या काळात गोळीही बदलली होती. उसळ फिकी असल्याची तक्रार वडील रोज करत राहिले. ती ऐकत आई त्यांना दुसरी भाकरी वाढत असे.