शिकलास की मेस बंद

ताटावर बसलेल्या माणसाच्या हातात उलथनं द्यायची मावशींना खोड होती. आपण पोळी आमटीत बुडवलेली असायची, दुपारचं प्रॅक्टिकल डोक्यात असायचं, आणि समोर उलथन्याचा दांडा यायचा.

"तव्यावरची तेवढी उलट. करपाय लागलीया."

"मावशी, मी जेवतोय."

"मग? डावा रिकामाच हाय की. हात काय उसनं आणल्यात व्हय?"

उठावंच लागायचं. पोळी उलटून परत येईपर्यंत आमटी गार झालेली असायची आणि शेजारच्यानं माझा कांदा खाल्लेला असायचा.

तुम्हीही कधी ना कधी मेसमध्ये जेवला असाल. मेसवाल्यांच्या तऱ्हा तुम्हाला माहीत असतील. कुणी आमटीत पाणी वाढवतं, कुणाला तिसरी पोळी मागितलेली ऐकूच येत नाही. कराडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही ज्यांच्याकडे जेवायचो त्या मावशींच्या स्वयंपाकाला नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांची तऱ्हा वेगळीच होती. त्यांना गिऱ्हाईक नको असायचं. म्हणजे यायला हवं असायचं, राहायला नको असायचं.

पहिल्या दिवशीच त्या सांगायच्या, "पयलं वरीस जेवा. मार्चपातूर शिका. शिकलास की मेस बंद." मला ती चेष्टा वाटली. कॉलेजच्या मागच्या गल्लीत इतर मेसवाले पोरं टिकावीत म्हणून रविवारी गुलाबजाम करत होते, आणि ही बाई तयार पोरं घालवून द्यायची भाषा करत होती.

चेष्टा नव्हती. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असायची आणि आम्हाला नसायची. सहा वाजता सगळ्यांनी यायचं, आपलं जेवण आपण करायचं. मी सांगलीचा. घरी आईनं मला कधी चहाचं पातेलंही चुलीवर चढवू दिलं नव्हतं. त्या घरातून आलेला मी पहिल्याच रविवारी कांदा हातात घेऊन उभा होतो आणि तो कुठून सोलायला सुरुवात करायची हे मला कळत नव्हतं.

बरं, शिकवायची पद्धत तरी धड असावी!

"मावशी, तांदळाला पाणी किती?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

"अंदाज म्हंजी अंदाज."

"दोन वाट्या?"

"वाटी कुणाची? तुजी का माजी?"

इंजिनिअरिंगच्या पोराला याहून मोठा छळ नसेल. मी वहीत लिहून घ्यायला लागलो तर त्यांनी वही काढून घेतली आणि तिच्यावर लसूण ठेवला, सोलायला.

पदार्थ मात्र मोजकेच. एक कुकर, एक कढई, एक सुरी, याच्यापलीकडचं काही त्या शिकवायच्या नाहीत. कुकरच्या खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात. मुगाची खिचडी. पिठलं. कांदा-लसूण चटणी घालून अख्खा मसूर, त्यात टोमॅटो असला तर असला. उकडलेली अंडी परतून. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी. शेंगदाण्याचं कूट मात्र डब्यात कायम हवं, कारण त्यांच्या मते कशातही काही कमी पडलं की तिथं कूट जातं. एकानं पनीर शिकवा म्हटलं तर म्हणाल्या, "त्ये हाटेलात खा. मी शिकवते त्ये घरात कायबी नसलं तरी व्हायला पायजे."

आणि कौतुक? पोरानं घाम गाळून केलेल्या पिठल्याचा एक घास घ्यायच्या, बराच वेळ चावायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय. माणूस मरायचा न्हाई." याच्यावरचा शेरा चार वर्षांत मी ऐकला नाही.

डिसेंबरात मी वैतागून मेस बदलली. तिथं ताटावरून कुणी उठवत नव्हतं. आठ दिवसांत पोट बिघडलं. नवव्या दिवशी मी मान खाली घालून परत आलो. मावशींनी ताट वाढलं, मी जेवलो, आणि हात धुऊन आलो तर माझ्या जागेवर मेथीची गड्डी ठेवलेली होती.

मार्चमध्ये परीक्षा झाली. विद्यापीठाची नव्हे, त्यांची. एकेकानं यायचं, शेगडीवर एक जेवण करायचं आणि त्यांना वाढायचं. माझ्या खोलीवर आटपाडीकडचा बिरू होता. त्याच्या घरची मेंढरं. आई-बाप दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडं उतरायचे, त्यामुळं तो लहानपणापासून भाकरी थापत आलेला. त्यानं झुणका-भाकरी केली. मावशींनी शेरा दिला आणि त्याची मेस बंद केली. तो खुशीत खोलीवर शेगडी घेऊन आला.

मी मात्र हिशोब केला की पास झालो तर पुढची तीन वर्षं रोज रांधावं लागणार. म्हणून मी नापास व्हायचं ठरवलं. खिचडी केली, नीट केली, फक्त मीठ घातलं नाही. वर तोंड पाडून उभा राहिलो.

मावशींनी घास घेतला. नेहमीसारखा चावला. मग ताट बाजूला सारलं.

"इसरलास?"

"हो मावशी. घाईत राहून गेलं."

"मूग भाजून घेतल्यात. हिंग हाय. आलं ठेचलंय. आन मीठ इसरला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "सांगलीकर, तू इसरला न्हाईस. तू घातलं न्हाईस."

त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून जे सांगितलं, ते नंतर पुन्हा कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

त्या विट्याकडच्या. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामात, देशभर पांगलेली असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. लग्न झाल्यावर त्या नवऱ्याबरोबर पार तमिळ मुलखात गेल्या. दुकानात नऊ माणसं, आणि नवांचा स्वयंपाक यांच्याकडं. दुसऱ्या वर्षी टायफॉइड झाला.

"अंथरुणातनं उठता येईना. घशाखाली पेज सोडून कायबी उतरंना. आन पेज करायची कुणाला म्हाईत न्हाई. नऊ गडी! समदी भवतीनं हुबी. बाहीरनं इडली आणत्यात, बिस्कुटं आणत्यात. मालक मूठभर तांदूळ घिऊन माज्या उशाला आला आन मला इचारतोय, ह्येला पाणी किती घालू? मला बोलाय यीत न्हवतं रं. डोळ्यानं सोनं जोखणारा माणूस. गुंजभर इकडं-तिकडं व्हायचं न्हाई त्येच्या हातनं. आन चुलीम्होरं बसून रडाय लागला."

पुढं म्हणाल्या, "लोकं म्हनली, किती माया करतोय बायकूवर. मला त्येचं रडणं आजून आवडत न्हाई. रडण्यापरास दोन पेलं पाणी घालून बघायचं."

मग त्यांनी मिठाची बरणी घेतली, माझ्या खिचडीवर चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि सगळी खाल्ली.

"माणूस मरायचा न्हाई. उद्यापासनं तुजी मेस बंद."

मी बदललो, असं तुम्हाला वाटेल. छे. मी बिरूच्या जिवावर दीड वर्ष जेवलो. तो रांधायचा, मी भांडी घासायचो, आणि तीही दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या वर्षी ऐन प्रॅक्टिकलच्या दिवसांत बिरूला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले, तेल-तिखट बंद, साधं ताजं अन्न, प्रवास अजिबात नको. प्रवास करून तो जाणार तरी कुठं? आई-बाप मेंढरांमागं कोकणात, घराला कुलूप, बापाचा फोन लागला तर लागायचा. मी डबा घेऊन धावत मावशींकडं गेलो. म्हटलं, बिरूसाठी दोन वेळचं बिनतेलाचं द्या.

"न्हाई देणार."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, कावीळ, डॉक्टर, सगळं.

"ऐकलं. तू कर."

"मावशी, पोरगं आजारी आहे! तुमच्याकडं वीस जणांचं रांधलं जातं, एकाचं जास्त होत नाही?"

"हुतंय की. पर तू कर."

मी फार बोललो त्यांना. आजही आठवलं की लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर आजही त्यांचा राग येतो. आजाऱ्याला घास नाकारणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. डबा आपटून खोलीवर आलो आणि तिरमिरीत कुकर लावला. भात झाला, तो पतंग चिकटवायच्या लायकीचा. बिरू म्हणाला, "राहू दे गड्या, मी खातो." आणि त्यानं तो चिकट गोळा खरंच खाल्ला. त्याला खाताना बघून माझा राग कुठं गेला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अकराला दारात मावशी. पदरानं घाम पुसत, दोन जिने चढून. आत आल्या नाहीत, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"तांदूळ धुतलं?"

"धुतले."

"पाणी आजून घाल."

"किती?"

"घालत ऱ्हा. मी सांगते तवा थांब."

मी ओतत राहिलो. "बास," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. एका शब्दाची चौकशी नाही, चमच्याला हात नाही. तिसऱ्या दिवशी परत त्याच वेळी. मग मुगाचं कढण, मग दुधीची बिनफोडणीची भाजी, मग पातळ ताक. सलग सतरा दिवस ती बाई आपल्या मेसची गर्दीची वेळ सोडून माझ्या दारात उभी राहायला आली, आणि सतरा दिवसांत तिनं माझ्या खोलीतलं एक भांडं उचललं नाही. एकदा मी चिडून म्हटलंही, "एवढं येता, तर केलं असतं तुम्हीच!"

"मी काय जल्मभर तुज्या दारात हाय व्हय रं?"

शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्यांनी काही सांगितलंही नाही. नुसत्या बघायच्या आणि जायच्या. अठराव्या दिवशी त्या आल्याच नाहीत, आणि मी कुकर उघडून पाहिला तेव्हा मला कळलं की मी पाणी न मोजता घातलं होतं. बिरूचे डोळे पांढरे झाले. प्रॅक्टिकल त्यानं दिली. त्याचा बाप मेंढरं घेऊन परतल्यावर एकदा खोलीवर आला, माझे दोन्ही हात धरून बसला. मी उठून पोहे केले.

शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, मावशींनी मेस बंद केली. त्यांचा मुलगा दक्षिणेतच गलाईच्या कामात होता. त्याला बाळ झालं होतं, आणि सुनेजवळ कुणी नव्हतं. घाईनं सगळं आवरलं. आधी विट्याकडं गावी जाऊन मग तिकडं निघणार होत्या. आम्ही पाच-सहा जण कराडच्या स्टँडवर सोडायला गेलो. वाटलं होतं, निदान आज तरी दोन शब्द गोड बोलतील.

"पेपर कवा हायती?"

"सोमवारपासून."

"मग हितं कशाला आलायसा? बॅगा काय मला उचलता येत न्हाईत?"

बिरू पाया पडला. त्याची हनुवटी धरून त्यांनी त्याचे डोळे आधी एक, मग दुसरा, खालची पापणी ओढून तपासले. माझ्याकडं बघून नुसतं "जा आता" म्हणाल्या. त्यानंतर त्यांची भेट नाही. दिलेला नंबर पुढच्याच वर्षी लागेनासा झाला.

विट्याची गाडी मागं येऊन वळली. खिडकीजवळ मावशी बसलेल्या. आम्ही हात हलवत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारच्या सीटवर कॉलेजची एक मुलगी होती, मांडीवर दप्तर, कानात इअरफोन, हातात वेफर्सची पुडी. मावशी तिच्याशी केव्हाच बोलायला लागल्या होत्या. काचेतून आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते: एक हात वाटीसारखा धरलेला आणि दुसरा त्याच्यात काहीतरी कालवत असलेला. गाडी स्टँडच्या बाहेर पडता पडता त्या मुलीनं कपाळाला आठ्या घालून एका कानातला इअरफोन काढला.