तलावच तर आहे

खोटं बोलायला मी कधी कचरले नाही. दिवसा शाळेत पोरींना ‘नेहमी खरं बोलावं’ म्हणून टेबलावर पट्टी आपटायची आणि संध्याकाळी घरी येऊन आईला रेटून थापा मारायच्या, असं माझं सत्तरच्या दशकातलं नागपुरातलं आयुष्य होतं. थापा मारायला लावणारा आमचा दादा.

दादा कलकत्त्याला वर्कशॉपमध्ये नोकरीला म्हणून गेला आणि तिथून परस्पर मालवाहू जहाजावर चढला. घरी कळवलं तिसऱ्या महिन्यात, पत्रातून. आईला वाचता येत नव्हतं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, आई गल्लीतल्या हातमागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची, आणि दादाचं पत्र आलं की चाक थांबवून माझ्यासमोर येऊन बसायची. त्या दिवशी मी भाबडेपणानं ‘जहाज’ वाचून गेले आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली. आईचं माहेर खाप्याचं. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या डोळ्यांदेखत तिचा मोठा भाऊ कन्हान नदीच्या पुरात गेला होता. पुलावरून बस जाताना ती म्हातारपणापर्यंत डोळे मिटून बसे.

तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी पत्र पुन्हा काढलं, पाठपोट वाचलं, आणि शेवटी मला हवं ते सापडलं. दादाचं जहाज समुद्रातून एका मोठ्या नदीत शिरून पार अमेरिका-कॅनडाच्या तलावांत गहू भरायला जात असे. मी समुद्र गाळला, नदीही गाळली, तलाव तेवढा ठेवला.

“अवं आई, समुद्र कुठला? तलाव आहे तो. आपल्या अंबाझरीसारखा.”

“खरंच?”

“मग काय! या काठाहून त्या काठाले माल नेतेत.”

आई जेवली. पुढच्या रविवारी मी तिला अंबाझरीला घेऊनही गेले. ती बांधावर बराच वेळ उभी राहिली. पाणी शांत होतं, दोन बगळे होते, पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. “एवढ्याशा पाण्यात काय होते,” म्हणाली आणि येताना रस्त्यात भेटलेल्या तीन बायकांना तिनं सांगितलं की आमचा पोरगा तलावावर बोट चालवते. मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

त्या हिवाळ्यात दादाचं असं एक पत्र आलं की ते मी आधी संडासात जाऊन एकटीनं वाचलं. दादानं लिहिलं होतं, हे तलाव म्हणजे समुद्रच, फक्त खारट नाहीत. काठ दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी तापतं, आणि डिसेंबरात उत्तरेकडून कोरडा गार वारा सुटतो. तो वारा तलावावरून येताना पाण्याची वाफ पीत पीत येतो आणि अलीकडच्या काठावर बर्फ करून ओततो. पलीकडच्या गावात ऊन पडलेलं असतं आणि अलीकडच्या गावात माणूस दार उघडून बाहेर पडू शकत नाही. तलाव एकदा गोठला की वाऱ्याला प्यायला पाणी मिळत नाही आणि बर्फ थांबतो. म्हणजे गोठेपर्यंतचेच दिवस वाईट, आणि जहाजं नेमकी तेव्हाच घाईत असतात, कारण गोठण्याच्या आत बाहेर पडायचं असतं. लाटेचं पाणी डेकवर उडतं आणि पडेल तिथंच थिजतं. दोरखंड मांडीएवढे जाड होतात. मग सगळ्यांनी लाकडी हातोडे घेऊन तो बर्फ फोडायचा, कारण नाही फोडला तर वरचं वजन वाढून जहाज कलंडतं. फोडताना पाय घसरतो. त्या पाण्यात पडलेला माणूस पाच मिनिटांचा सोबती.

मी आईला वाचून दाखवलं, “थंडी बरीच आहे. स्वेटर घालतो. खोलीत रत्नागिरीकडचा एक सोबती आहे, चांगला आहे. त्याला एक धाकटी बहीण आहे, तो तिच्या लग्नाचं बघतो आहे.” एवढं मात्र पत्रात होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आठवड्याभरात तसंच आणखी एक पत्र आलं. जहाज नदीवरच्या एका बंदरात दुरुस्तीला लागलं होतं. तीन आठवड्यांनी सुटणार आणि मोसमाच्या अगदी शेवटी तलावांत जाऊन परत येणार. उशीर झाला म्हणून कप्तानानं विचारलं होतं, ज्यांना उतरायचं असेल त्यांनी आत्ताच सांगा, दुसरी माणसं घेऊ. दादानं लिहिलं होतं, “या वेळी मन घेत नाही. पण उतरलो तर कंपनी नावावर फुली मारेल. आई म्हणेल तसं करतो. तिला सगळं नीट सांग आणि ती काय म्हणते ते कळव.”

सगळं नीट सांग! सांगायचं तर वर्षभराच्या थापा आधी ओकाव्या लागल्या असत्या. मी आईला म्हटलं, दादा विचारतो आहे, तलावावर आणखी एक फेरी करू की घरी येऊ?

आई कांडी भरता भरताच म्हणाली, “येऊन काय करते इथं? तलावच तर आहे. लिही त्याले, जा म्हणा. मनाले लावून घेऊ नको, माह्या आशीर्वाद आहे म्हणा.”

आणि मी लिहिलं. इतकी पत्रं मी फिरवली, वळवली, कापली, पण हे एक पत्र शब्दाला शब्द उतरवलं. ‘आईचा आशीर्वाद आहे, जा.’ पाकीट डकवून पेटीत टाकलं तेव्हा माझं मन शांत होतं, हे सांगताना आजही स्वतःची चीड येते. आई म्हणाली, मी लिहिलं, माझा काय दोष? असा हिशेब.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मधल्या सुटीत मी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीतला मोठा नकाशांचा ग्रंथ काढला. का काढला कोण जाणे. ते पान सापडलं, त्यावर निळे डाग होते. मी वहीच्या कागदाची पट्टी फाडली, एका तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरली आणि खालच्या मोजपट्टीवर लावून पाहिली. मग हिंदुस्थानच्या पानावर जाऊन तेवढं अंतर नागपूरपासून मोजलं. कागद भुसावळला जाऊन टेकला. नागपूर ते भुसावळ नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात माझा भाऊ हातोडा घेऊन उभा. आणि हा तिथला सगळ्यात मोठा तलावही नव्हता.

मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि सदर भागातून जवळजवळ धावत तारघर गाठलं. पत्र पोचायला दहा दिवस, त्यातले पाच गेलेले. पत्र पोचलं की तो जाणार. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. ‘तलावावर जाऊ नकोस’ लिहावं, तर मागून आईचं ‘जा’ असं पत्र येणार, आणि तो आईचंच ऐकणार. मी त्याला ओळखत होते. आईच्या शब्दाला तोडायचं तर आईच लागणार होती. आमच्या गल्लीत तार एकाच कारणानं येई, आणि तिचा मजकूरही ठरलेला असे. मी फॉर्म घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, मदर सीरियस, कम सून. ‘सीरियस’ म्हणजे माणूस गेलेला असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पुढं कितीतरी वर्षं मी सांगत आले की घाईत सुचलं ते लिहिलं. तसं नाही. काय लिहिते आहे, तो काय समजेल, हे मला चांगलं कळत होतं.

रांगेच्या बाजूनंच मी फॉर्म आत सरकवला; खिडकीतल्या बाबूनं मजकूर वाचला आणि मान वर केली. समोर सात-आठ माणसांची रांग होती. तो त्यांना म्हणाला, “जरा थांबा भाऊ, या ताईची आई सीरियस आहे.” रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मला पुढं केलं. बाबूनं हळूच विचारलं, “कधीपासून?”

“कालपासून,” मी म्हटलं आणि तिथंच रडायला लागले. ते रडणं काही खोटं नव्हतं.

घरी आले तर आई चहा ठेवत होती. “आज लवकर काहून आली वं?” मी डोकं दुखतं म्हटलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तार पोचली का, कुणाच्या हातात पडली, तोवर जहाज सुटलं तर नाही, काही कळायला मार्ग नव्हता. त्यात त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि आईला खोकला झाला. साधा खोकला, हळद-दुधाचा. पण मी कागदावर तिचं मरण लिहून आले होते, आणि ती खोकली की मी हातातलं काम टाकून तिच्यापाशी जायची. मी तिला तीनदा डॉक्टरकडे ओढून नेलं. ती चिडून म्हणाली, “मी काय मरून राहिली का?” मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. पेपरवाला पेपर टाकून गेला की मी आधी आतली पानं चाळायची, परदेशातल्या बारीकसारीक बातम्या असत तिथं. एकदा ‘जहाज’ हा शब्द दिसला आणि पुढचं वाचायच्या आधी मी खाली बसले. कुठल्या तरी उद्घाटनाची बातमी होती ती.

दादा आला तो एका दुपारी. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून तो पायी येताना मी बघितला. दाढी वाढलेली, अंगावर जाड परदेशी कोट, पायांत काही नाही. मयताच्या घरी जातात तशी त्यानं चप्पल काढून हातात घेतली होती. तो दारात आला. आई उन्हात बसून कांड्या भरत होती.

चप्पल त्याच्या हातातून पडली. तो जमिनीवर बसला आणि आईचे पाय धरून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. आईला काही उमगेना. “काय झालं रे बाबू? काहून रडून राहिला? सांग ना गा.” दादानं कोटाच्या खिशातून तार काढून माझ्याकडे धरली. कंपनीच्या एजंटानं ती पाहून त्याला विमानात बसवलं होतं. आईचं पत्र त्याला मिळालंच नव्हतं, त्याच्या आधी तो निघाला होता.

मी सगळं सांगितलं. समुद्र, नदी, बर्फ, हातोडे, भुसावळ, तार, काही मागं ठेवलं नाही. तारेत तिचं मरण लिहिलं म्हणून आई रागावेल असं मला वाटलं होतं. त्याचं तिला काहीच नव्हतं. ती उठून माझ्यापाशी आली.

“मी जा म्हणलं होतं,” ती म्हणाली. “आशीर्वाद देल्ला होता. माह्याच तोंडानं तू त्याले पाण्यात ढकलून राहिली होती?” आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. मी तेवीस वर्षांची होते. मला तो मार पटला.

दादाचा राग वेगळा होता. आई जिवंत आहे हे कंपनीला महिनाभरात कळलं आणि त्याचं नाव कायमचं कापलं गेलं. तो माझ्याशी बोलेनासा झाला. ताट समोर ठेवलं तर आईकडे बघून “ठेव म्हणा” म्हणायचा. मी मनात धरून होते की जहाजाचं काही बरंवाईट झाल्याची बातमी येईल आणि मग कळेल त्याला! होय, असं मी मनात धरलं होतं. लाज वाटते, पण धरलं होतं.

जानेवारीच्या शेवटी जहाजावरच्या एका खलाशाचं पत्र आलं. दादानं ते अंगणात उभ्यानं वाचलं, घडी घातली, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. दोन तासांनी बाहेर आला तेव्हा मी धान्य पाखडत होते. कितीतरी आठवड्यांनी तो माझ्याशी बोलला.

“जहाज आलं परत,” तो म्हणाला. “सगळे वाचले. माह्या खोलीतला तेवढा गेला. बर्फ फोडून राहिला होता. त्या वेळेले ड्यूटी माही असते, मी नव्हतो म्हणून त्याले लावलं.”

माझ्या हातातलं सूप थांबलं. मला वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी काय वाटलं ते लिहिते. छातीवरचा धोंडा उतरला. माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे दादा, तार केली ते बरंच झालं ना.”

दादानं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“त्याले बी बहीण होती वं,” तो म्हणाला.

पुढं तो हिंगण्याला कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, आमचं बोलणंही सुरळीत झालं. रत्नागिरीच्या त्या मुलीच्या लग्नाला तो गेला होता. मला चल म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्यापुढं उभं राहायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही. आणि तरीही आज कुणी मला त्या खिडकीपाशी नेऊन उभं केलं, पुढं काय होणार हे सगळं सांगून फॉर्म हातात दिला, तर मी तेच चार शब्द लिहीन. हे दादाला माहीत आहे. म्हणून त्यानं मला कधी माफ केलं नाही, आणि मी कधी माफी मागितली नाही.