चक्रीतला दाणा

आमच्या खासबागेतल्या दुकानाला पाटी नव्हती. परवाना मात्र काचेत लावलेला होता. आप्पा लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि लोकांच्या परवान्याच्या बंदुका दुरुस्त करू लागले. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी विचारलं तर मी ‘वडील मेकॅनिक आहेत’ एवढंच सांगायचे. पुढचे प्रश्न टळायचे.

मी दहावीत होते तेव्हा निपाणीकडचे एक म्हातारे जमीनदार जुनं जर्मन पिस्तूल घेऊन आले. त्यांना जुनी हत्यारं जमवायचा नाद होता. या पिस्तुलाचं मॅगझिन नेहमीसारखं सरळ नव्हतं. मुठीत बसणारी एक लांब मान आणि तिच्या खालच्या टोकाला वाटोळा पत्र्याचा डबा. डब्याच्या आत शंखासारखी वळत जाणारी वाट आणि घड्याळासारखी स्प्रिंग. स्प्रिंग ताणून ठेवली की ती काडतुसं एकामागून एक वर ढकलायची. आप्पा त्याला चक्री म्हणायचे. ती गंजून बसली होती, डब्याला पोचा आला होता.

त्याच वर्षी आप्पांचा हात कापायला लागला होता. चहाची कपबशी वाजायची. एकदा काका सगळ्यांसमोर म्हणाले, “कप धरता येईना, अन् पिस्तूल दुरुस्त करतोय! बंद कर रं दुकान आता.”

“कपाला स्प्रिंग नसतीय, म्हणून हात कंटाळतोय,” आप्पा म्हणाले.

सगळे हसले. काका गेल्यावर मात्र आप्पा मला म्हणाले, “ही चक्री चालली तर दुकान चालू. न्हाय चालली तर तुझ्या काकाचं खरं.”

शाळेतून आले की मी दुकानातल्या बाकावर बसून अभ्यास करायचे. आप्पांनी डबा रॉकेलमध्ये भिजवला, लाकडाच्या ठोकळ्यावर धरून पोचा हळूहळू काढला. स्प्रिंगचं काम सगळ्यांत अवघड. ताण कमी पडला तर शेवटची काडतुसं आतच राहायची, जास्त झाला तर पहिलीच अडायची. आप्पा अर्धा फेरा वाढवायचे, कानाशी धरून ऐकायचे, पाव फेरा कमी करायचे. त्यांचे आकडे मी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. एक गोष्ट मी नीट बघितली होती, ती कुणाला बोलले नव्हते. कानशीला हात लागला की त्यांचा हात कापत नव्हता.

नवरात्रातल्या अष्टमीला त्यांनी बिनदारूची काडतुसं भरून चक्री आठ वेळा रिकामी केली. आठही वेळा बत्तीसच्या बत्तीस बाहेर आली. त्यांनी साबणानं हात धुतले आणि आईला म्हणाले, “आज गोडाचं काय तर कर.”

दसऱ्याला जमीनदारांच्या वाड्यावर पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर चक्री चालवून दाखवायची, असं ठरलं होतं. त्याआधी नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. आई त्या दिवशी बाजूला बसली होती, म्हणून पूजा माझ्याकडे आली. पाटावर कानशी, पकडी, हातोड्या आणि मधोमध चक्री, तोंड वर करून. मी हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला, चार अक्षता टाकल्या.

आई दारातून म्हणाली, “जरा हात सैल सोड की गं! कोंबड्यास्नी टाकल्यागत काय टाकतीस? ह्या इंग्लिश शाळेनं तुला पूजाबी शिकवली न्हाय.”

मी मूठभर टाकल्या. एक लाल दाणा मानेच्या उघड्या तोंडात गेला. मी केसातली पिन काढून तो उचलायला गेले आणि तो आणखी खाली गेला. दिसेनासा झाला.

आमच्यात पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत उघडत किंवा चालवत नाहीत. सांगितलं असतं तर आप्पांना नेम मोडून चक्री उघडावी लागली असती, आणि आईसमोर माझा वेंधळेपणा उघडा पडला असता. एवढासा तर दाणा, मी मनाशी म्हटलं. मी गप्प बसले.

दसऱ्याला दुपारच्या बसनं आम्ही निपाणीला गेलो. संध्याकाळी सोनं देऊन झाल्यावर आप्पांनी सोप्यात सगळ्यांसमोर चक्री भरली. मग अंगठ्यानं एकेक काडतूस बाहेर काढू लागले. सहा आली. सातवं आलंच नाही. त्यांनी डब्यावर हळूच टिचकी मारली, पुन्हा अंगठा लावला. तेव्हा पहिल्यांदा हत्यार हातात असताना त्यांचा हात कापलेला मी पाहिला. पाहुण्यांनीही पाहिला.

“उघडून बघतो, मालक,” ते म्हणाले.

“ऱ्हाऊ दे वो मास्तर,” जमीनदार अगदी मायेनं म्हणाले. “मला काय लढाईला जायचंय? काचेत ठेवायची ती. लई केलासा तुम्ही. आता वय झालं, जिवाला आराम द्या.”

त्यांनी चक्री आप्पांच्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवली. मी खांबाला टेकून उभी होते. ‘दाणा’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. तोंड उघडलं नाही. परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. दिवाळीनंतर त्यांनी परवाना परत केला. काका दुकानातल्या कानशी-पकडी न्यायला आले तेव्हा आप्पा परसात जाऊन बसले.

चार वर्षांनी, कॉलेजात असताना, मी जमीनदारांना पत्र लिहिलं. कृपा करून चक्री एकदा उघडून पाहावी, आत तांदळाचा दाणा असेल. त्यांच्या मुलाचं उत्तर आलं. वडील वारले, सगळा संग्रह विकला, कोण कुठे घेऊन गेलं ते माहीत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. पाट, पिन, दाणा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लई गुणाची हाईस गं,” ते म्हणाले. “पण बापासाठी असलं काय बाय रचू नगंस.”

“खरंच आप्पा. शपथ घेते.”

“शपथ कशाला? हात माझा हाय न्हवं? मला कळत न्हाय व्हय?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. सांगता सांगता मला रडू आलं. तसे ते जवळ सरकले आणि माझीच समजूत काढू लागले.