मुठीला बांधलेली चप्पल

भारत कामचुकार कधीच नव्हता, पण त्याचं मन एका जागी राहील तर शपथ. चहा ठेवून दूध आणायला निघायचा आणि वाटेत कुणाची तरी मोटार दुरुस्त करत बसायचा. इकडे पातेल्याचा कोळसा. वडील धांदरट म्हणायचे, मास्तर छडीनं बोलायचे.

चौतिसाव्या वर्षी जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आळस नाही. याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, आणि तो लहानपणापासूनचा आहे. भारत दवाखान्यातच रडला. बाईंनी गोळ्या दिल्या आणि एक नियम दिला : "लक्षात ठेवायला जाऊ नका. डोळ्यासमोर ठेवा."

बायकोनं, दैवशालानं, तो नियम घरभर टांगला. किल्ली दाराच्या कडीला, डबा गाडीच्या हँडलला. गॅसवर काही असलं की भारतनं हातात उलथनं घेऊनच फिरायचं. शेजारी हसायचे. हसेनात का, पातेली करपायची थांबली.

नोकरी मात्र विजेची. वडीगोद्रीहून आत, पिंपळझरीच्या सबस्टेशनात तो ऑपरेटर होता. त्यानं पॅनलची मूठ फिरवली की आठ गावांच्या शिवारात लाईट यायची नि जायची. ती भारतकडून बंद करवून खांबावर चढायचा तातेराव, गावचा झिरो वायरमन. झिरो म्हणजे काम सगळं त्याचं आणि कागदावर नाव कुठंच नाही. तातेराव वर असला की त्याचा जीव भारतच्या आठवणीवर असायचा. दोघांनाही ते माहीत होतं.

तोडगा तातेरावनंच काढला. एक दिवस त्यानं डाव्या पायातली चप्पल काढली आणि तारेनं त्या मुठीला बांधली.

"भारतभाऊ, ही इथं हाय तवर मी वर हाय. मी येईन, माझ्या हातानं सोडीन. मंगच लाईट."

आणि एका पायात चप्पल घालून फटफटीवर निघून गेला. पोरं टाळ्या पिटायची. तीन वर्षं असं चाललं. मूठ रिकामी म्हणजे लाईन मोकळी, हे भारतच्या हाडात भिनलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी दहाला तातेराव चप्पल बांधून गेला. अर्ध्या तासानं फाटकात जीप थांबली. मोठे साहेब, न कळवता. भारतची नजर आधी चपलेवर गेली. मातीनं माखलेली, अंगठ्याला खिळा ठोकलेली. साहेब विचारणार, हे काय? मग सांगावं लागणार, माझं डोकं असं आहे म्हणून. नोकरीत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं तार सोडली आणि चप्पल टेबलाखाली सरकवली. दोन मिनिटांसाठी.

अरे बाबा, तुझ्या डोक्यात दोन मिनिटं टिकत असती, तर चप्पल बांधावी कशाला लागली असती?

साहेबांनी रजिस्टर पाहिलं, बॅटऱ्या पाहिल्या, चहा घेतला आणि ते गेले. लगेच फोन सुरू झाले. "भाऊ, लाईट सोडा की जल्दी! पाण्याची पाळी संपून राह्यली आमची!" दुसरा, तिसरा. भारतनं पॅनलकडे नीट पाहिलं. शिकवल्याप्रमाणे मुठीवरून हातही फिरवला. रिकामी होती. त्यानं ती फिरवली.

खुर्चीत बसताना पायाला काहीतरी लागलं. त्यानं वाकून पाहिलं. उठून मूठ परत फिरवली, पण तेवढ्यात फोन वाजला होता. या वेळी तो लाईटसाठी नव्हता.

चौकशी झाली. लाईन बंद ठेवायची लेखी परवानगी कुणी मागितली नव्हती, म्हणजे कागदावर खांबावर कुणी नव्हतंच. भारतचं नावही अहवालात आलं नाही. "सुटलात," साहेब म्हणाले. कशातून, ते भारतला कळेना.

तेराव्यानंतर तो ती चप्पल घेऊन तातेरावच्या घरी गेला. सगुणाबाई उंबऱ्यात बसली होती. नवऱ्याची दुसरी चप्पल तिथंच भिंतीशी होती. भारतनं काही लपवलं नाही. डोक्याचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, लाज वाटली तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं डोकं त्यांना ठावं होतं," ती म्हणाली. "मीच म्हणले होते, भाऊ विसरतेत, नका जाऊ त्यांच्या भरवशावर. तर म्हणले, विसरू दे. चपलीला भाऊ हात लावायचे न्हाईत."

तिनं त्याच्या हातातून चप्पल घेतली, दुसरीशेजारी ठेवली आणि ती आत गेली.